संगणकाचं कोटेशन आणि त्यात न लिहिलेलं

बारावीचे निकाल लागले, प्रवेश पक्के झाले की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीच्या आसपास आणि जिल्ह्याच्या गावी बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एकच प्रश्न ऐकू येतो. ‘साठ हजारांत काय बसेल?’ दुकानदार पॅड पुढे ओढतो आणि लिहायला लागतो. आय५ प्रोसेसर, मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, २ जीबी ग्राफिक कार्ड, ४५० वॉट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट, २४ इंची मॉनिटर. खाली बेरीज. एवढ्या चिठ्ठीच्या भरवशावर घरातली माणसं ठेव मोडतात. चिठ्ठीत खोटं काही नसतं, पण ज्यावरून वस्तूची किंमत आणि आयुष्य ठरतं, असं एकही नाव तिच्यात नसतं.

पीसीवर लोक फार खर्च करतात की कमी, यावर हिरिरीने वाद होतात. पैसा नेमका कशात गेला हे घेणाऱ्याला कळतच नाही, आणि म्हणूनच तो जास्त जातो, हे मात्र त्या वादात राहून जातं. माझं म्हणणं साधं आहे. कोटेशनच्या प्रत्येक ओळीसमोर कंपनीचं नाव, पूर्ण मॉडेल क्रमांक आणि वॉरंटीची वर्षं लिहिलेली नसतील, तर कोणीही आगाऊ रक्कम देऊ नये. पालकांनी नाही, शाळेने नाही, पतसंस्थेने नाही आणि सरकारी कार्यालयाने तर मुळीच नाही.

पहिलीच ओळ घ्या. इंटेलचा ‘आय५’ म्हणजे काय? आय५-२४०० हा २०११ चा, चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग). आय५-१२४०० हा २०२२ चा, सहा कोअर आणि बारा थ्रेडचा (म्हणजे एका वेळी कामाचे बारा धागे हाताळणारा). दोघांवरही ‘आय५’च लिहिलेलं असतं, मधे अकरा वर्षं गेलेली असतात. २०१७ चा आय७-७७०० आणि २०२० चा आय३-१०१०० यांचे कोअर सारखे, थ्रेड सारखे, वेगही जवळपास सारखा. जुन्या बाजारात मात्र ‘आय७ आहे’ एवढ्या शब्दावर काही हजार जास्त मागितले जातात. क्रमांकाच्या शेवटचं अक्षरही बघायला हवं. १२४००एफ मधल्या ‘एफ’चा अर्थ असा की प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा भागच नाही. थोडे पैसे वाचतात, पण उद्या ग्राफिक कार्ड बिघडलं तर ते दुरुस्त होऊन येईपर्यंत पडद्यावर काहीही दिसणार नाही. गेमिंगसाठी पीसी घेणाऱ्याला हे चालून जाईल. ज्याचा प्रोजेक्ट परवा सबमिट करायचा आहे, त्याला नाही चालणार.

‘१६ जीबी रॅम’ या ओळीतही दोन वेगळ्या वस्तू लपलेल्या असतात, १६ ची एक पट्टी किंवा ८ च्या दोन. डीडीआर४-३२०० (पिढी चौथी, वेग ३२००) रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती देऊ शकते, दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांवर, बसवल्या तर ५१.२. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या पीसीत प्रोसेसरमधलं ग्राफिक याच रॅमवर जगतं, त्यामुळे तिथे एका पट्टीचा फटका डोळ्यांना दिसतो. चार खाचांच्या बोर्डवर पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. शेजारी-शेजारी बसवल्या तर दोन पट्ट्या घेऊनही काम एकाच चॅनेलवर चालतं. स्वस्त एच६१० बोर्डवर खाचा दोनच असतात. अशा बोर्डवर पुढे ३२ जीबी करायचं मनात असेल, तर आज १६ ची एकच पट्टी घेणं शहाणपणाचं, नाहीतर त्या वेळी ८ च्या दोन्ही पट्ट्या काढून ठेवाव्या लागतात. हा निर्णय घेणाऱ्याचा आहे, आणि चिठ्ठीवर नुसतं ‘१६ जीबी’ लिहिलं की तो त्याच्या नकळत घेतला जातो. त्यात बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं नाही, तर ३२०० ची बरीचशी रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. पैसे ३२०० चे दिलेले असतात.

‘२ जीबी ग्राफिक कार्ड’ ही तर सरळ काढून टाकायची ओळ आहे. ते बहुधा जीटी ७१० किंवा जीटी ७३० असतं. या कार्डांची रचना दहा वर्षांहून जुनी. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये जे ग्राफिक अंगभूत येतं, ते यांच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे. म्हणजे वेगळे तीनचार हजार देऊन आपण पीसी आहे त्यापेक्षा हळू करून घेतो. ही कार्डं मॉनिटरची जादा केबल लावायला उपयोगी पडतात, बाकी कशाला नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज पीसीच्या भागांना पुरवणारा डबा. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

कॅबिनेटसोबत ‘फ्री’ आलेला डबा हातात घ्या. पुढे मोठ्या अक्षरात ४५० वॉट. बाजूला एक छोटा तक्ता चिकटवलेला असतो, त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट असे रकाने आणि खाली अँपिअर. आजचा पीसी जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतो. त्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलं असेल, तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. ही त्या डब्याची खरी ताकद, आणि तीही तक्त्यावर विश्वास ठेवला तर. नावाजलेल्या कंपनीच्या ४५० वॉटच्या डब्यावर त्याच रकान्यात ३६ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ४३२ वॉट. आता हिशेब करा. आय५-१२४०० भरात आला की ११७ वॉटपर्यंत घेतो. आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात, क्षणभराचे झटके त्याहून मोठे. दोन मिळून २८७ वॉट झाले आणि डबा १९२ चा. असा पीसी वर्ड चालवताना, सिनेमा बघताना उत्तम चालतो. गेम सुरू केला किंवा रेंडर लावला की तिसऱ्या मिनिटाला फट्कन बंद होऊन पुन्हा चालू होतो. पडद्यावर एरर येत नाही. मग विंडोज फॉरमॅट मारलं जातं, ड्रायव्हर बदलले जातात, कार्ड बदलून आणलं जातं, आणि खराब डबा तसाच आत बसून राहतो. पुढे तो जातो तेव्हा कधीकधी एकटा जात नाही, मदरबोर्ड आणि डिस्क सोबत घेऊन जातो.

दुकानातच बघण्यासारखी एक खूण आहे. ग्राफिक कार्डाला जाणारी सहा किंवा आठ पिनांची वायर थेट एसएमपीएसमधून आलेली असावी. ती जर जुन्या चार पिनांच्या कनेक्टरला जोडतुकडा लावून तयार केलेली असेल, तर तो डबा त्या कार्डासाठी बनलेलाच नाही. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, डबा किती टिकाऊ आहे ते नाही. टिकाऊपणाचा त्यातल्या त्यात प्रामाणिक पुरावा म्हणजे कंपनीने किती वर्षांची वॉरंटी दिली आहे. पाच वर्षांच्या खाली असेल तर पुढे जाऊ नये.

याच्याच जोडीला अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, हे कित्येक घरांत ‘असंच असतं’ म्हणून सोडून दिलं जातं. तसं नसतं. एसएमपीएसच्या आतले गाळणीचे कपॅसिटर थोडी गळती अर्थकडे सोडत असतात. भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या तिसऱ्या भोकाला अर्थची तारच नसेल, तर पत्र्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला सहसा इजा होत नाही, पण मॉनिटरची केबल काढता-लावताना पोर्ट उडू शकतं. सत्तर हजारांचा पीसी घेणाऱ्याने वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं, तर त्या घरातला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च तो असेल.

यूपीएसबद्दल थोडक्यात. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. ग्राफिक कार्डवाला पीसी आणि मॉनिटर मिळून भरात त्याच्या वर जातात, आणि वीज जाताक्षणी बॅटरी चांगली असूनही सगळं बंद पडतं. तिथे १००० किंवा ११०० व्हीएचा हवा. नुसतं टायपिंग आणि हिशेब असतील, तर ६०० पुरतो.

मॉनिटरची ओळ मराठी वाचणाऱ्यांनी जास्त काळजीने बघायला हवी. २४ इंची फुल एचडीवर इंचाला ९२ ठिपके येतात. तेच फुल एचडी २७ इंचावर ताणलं की ८२ होतात. इंग्रजी अक्षरं त्यातही निभावतात. आपल्या ‘द्ध’, ‘ष्ट्र’, ‘ङ्म’, रफार आणि त्यावरचा अनुस्वार मात्र एकमेकांत मिसळायला लागतात, आणि दिवसभर मजकूर तपासणाऱ्याचे डोळे संध्याकाळी चुरचुरतात. २७ इंच घ्यायचाच असेल, तर १४४० चा (२५६० बाय १४४० ठिपक्यांचा) घ्यावा, तिथे १०९ ठिपके मिळतात. मुद्रितशोधन, डीटीपी, भाषांतर करणाऱ्यांनी प्रोसेसरमधले पाच हजार काढून इथे घालावेत.

खर्चाची वाटणी कशी असावी, याचं माझं सूत्र आयुष्यावर बेतलेलं आहे. चांगला मॉनिटर आठ-दहा वर्षं जातो. चांगला एसएमपीएस दोन पीसींना पुरतो. हवा खेळती ठेवणारं कॅबिनेट, कीबोर्ड, यूपीएसचं खोकं, हे सगळं पुढच्या पीसीतही चालतं. प्रोसेसर आणि त्याहून लवकर ग्राफिक कार्ड जुनं होतं. म्हणजे जे टिकतं तिथे हात सैल सोडावा आणि जे लवकर उतरतं तिथे गरजेपुरतंच घ्यावं. आपल्याकडे नेमकं उलट होतं. कार्डावर निम्मं बजेट जातं, समोर काच आणि आत सहा रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट येतं, आणि उरलेल्या पैशांत एसएमपीएस व मॉनिटर ‘बसवले’ जातात. समोर सलग काच असली की पंख्यांना बाहेरची हवाच मिळत नाही. अकोला, चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या वर पारा असतो, तिथे असं कॅबिनेट म्हणजे भट्टी. जाळीची पुढची बाजू आणि दोनतीन साधे पंखे यांनी काम होतं, आणि तेही कमी पैशांत.

यावर म्हणतील की हौसेला मोल नसतं. मान्य आहे. स्वतःच्या कमाईतून कोणी दोन लाखांचं कार्ड घेत असेल, रंगीत दिवे लावत असेल, तर ती त्याची हौस आहे आणि ती पुरवणारे लोक अनेकदा प्रत्येक भागाची खडान्‌खडा माहिती ठेवतात. माझा रोख त्यांच्यावर नाही. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकायला, कॉमर्सला हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवायला वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही. अॅनिमेशन, थ्री-डी रेंडरिंग किंवा मशीन लर्निंग करणाऱ्याला लागतं, आणि त्याला ते चांगलंच लागतं. कोर्स कोणता, सॉफ्टवेअर कोणतं, हे विचारण्याआधी जो ‘बजेट किती’ विचारतो, त्याच्या कोटेशनवर विसंबू नये.

घरातल्या जुन्या पीसीची कथा याहून वाईट आहे. ‘स्लो झालाय, नवीन घ्यावा लागेल’ हे वाक्य फार सहज बोललं जातं. बदलण्याआधी पाच मिनिटं द्या. पीसी अडकतो त्याच वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात डिस्क सारखी १०० टक्क्यांवर असेल, तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा. मेमरी ९० च्या वर असेल, तर रॅमचा. प्रोसेसर थोड्या कामात १०० ला टेकत असेल आणि पंखा कोकलत असेल, तर आधी उष्णतेचा संशय घ्यावा.

फिरती हार्ड डिस्क इकडेतिकडे विखुरलेल्या माहितीच्या सेकंदाला शंभरेक मागण्या कशाबशा पुरवते, साधी साटा एसएसडी हजारोंनी. म्हणून २०१४-१५ चा पीसीसुद्धा एसएसडी लावल्यावर ओळखू येत नाही. घेताना एक चूक सर्रास होते. लांबट पट्टीसारखी एम.२ एसएसडी दिसायला एकसारखी असली तरी आत दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई. जुन्या काही बोर्डांवर खाच असते पण ती एकच जात ओळखते. आणलेली पट्टी बसते, स्क्रू लागतो आणि बायोसमध्ये डिस्क दिसतच नाही. मदरबोर्डचा मॉडेल क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून आधी बघून घ्यावं. एसएसडी ‘झिजते’ या भीतीलाही आकड्यातच उत्तर आहे. चांगल्या १ टीबी एसएसडीला ६०० टीबी लिखाणाची हमी असते. रोज ३० जीबी लिहिलं तरी ते संपायला जवळपास ५५ वर्षं लागतील.

रॅम घालून पीसी चालूच झाला नाही, नुसते बीप आले, तर घाबरू नये. वीज बंद करून पट्टी काढावी, सोनेरी दातांवरून पेन्सिलचं खोडरबर हलकेच फिरवावं, भुगा झटकावा आणि दोन्ही बाजूंचा खटका ऐकू येईपर्यंत दाबावं. कोकणातल्या दमट हवेत ही पहिली दुरुस्ती असते. इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणाऱ्या पंख्याला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एकही अर्धवट बसली की पंखा तिरका राहतो, प्रोसेसर १०० अंशांना पोचतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. धूळ काढून, थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी लावून, समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबल्या की तोच प्रोसेसर पुन्हा पळायला लागतो. आणि ‘नेट चालत नाही, सगळ्या साइट असुरक्षित दाखवतात’ अशी तक्रार असेल, तर आधी खाली उजवीकडची तारीख बघावी. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक प्रमाणपत्र नाकारतो. सेल चाळीस-पन्नास रुपयांना मिळतो. त्यापायी पीसी बदलण्यापर्यंत मजल गेलेली असते.

२०२५ च्या पूर्वार्धातल्या भावांनी ५०० जीबी साटा एसएसडी, ८ जीबी डीडीआर४ पट्टी, पेस्ट आणि सेल मिळून पाच-सव्वापाच हजारांत हे सगळं होत होतं. वर्षअखेरीला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव दुप्पट-तिप्पट झाले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात जुन्या पीसीतली चालू पट्टी भंगाराच्या भावात देणं म्हणजे घरचं धान्य विकून बाजारातून पीठ आणणं.

कुठे थांबावं, हेही सांगायला हवं. डीडीआर३, म्हणजे मागच्या पिढीच्या रॅमवर चालणाऱ्या पीसीत एसएसडीपलीकडे पैसे घालू नयेत. एएमडीच्या प्रोसेसरसाठीच्या एएम४ जातीच्या बोर्डांची गोष्ट वेगळी. २०१७ च्या बी३५० बोर्डवर, कंपनीने बायोस दिलेलं असेल तर, २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो आणि बोर्ड, रॅम, कॅबिनेट सगळं वाचतं. फक्त क्रम चुकवू नये. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करायचं, मगच नवा बसवायचा. आधी प्रोसेसर बदलला की पडदा काळा, आणि मग जुना प्रोसेसर विकून टाकलेला असला तर पंचाईत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची साथ संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची सोय) आणि बहुतांशी आठव्या पिढीपासून पुढचे इंटेल प्रोसेसर लागतात. घरगुती वापरकर्त्यांना जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. या एका तारखेने शाळा, ग्रामपंचायती, पतसंस्थांमधले कितीतरी धडधाकट पीसी कागदोपत्री निकामी ठरत आहेत. ज्यांचं काम ब्राउझर, टायपिंग आणि तक्ते एवढंच आहे, त्यांनी ते लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मुक्त प्रणालीवर, न्यावेत. इन्स्क्रिप्ट मराठी कीबोर्ड तिथे अंगभूत आहे, टायपिंग आणि तक्त्यांसाठी लिबरऑफिस फुकट आहे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, त्यामुळे हे जमत नाही असं म्हणायला जागा उरत नाही. टॅली किंवा विंडोजवरच चालणारं बँकेचं सॉफ्टवेअर असेल तिथे मात्र हा उपाय नाही, तिथे नवं मशीन घ्यावंच लागेल.

आणि नवं घेताना पुन्हा तोच प्रश्न समोर येतो. निविदेत ‘आय५ किंवा समतुल्य, ८ जीबी, ५०० जीबी’ एवढंच लिहिलेलं असतं आणि सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं. जे लिहिलेलं नाही तिथेच तो बचत करणार, म्हणजे एसएमपीएस, बोर्ड आणि बिननावाची एसएसडी. यूपीएसची, अर्थिंगची आणि वर्षातून एकदा धूळ काढण्याची ओळ तर नसतेच. मग दोन पावसाळ्यांत प्रयोगशाळेतली निम्मी खोकी मुकी होतात आणि पुन्हा पूर्ण खरेदीचा प्रस्ताव जातो. मॉडेल क्रमांकांची आणि सिरियल नंबरांची यादी मागणं, माल आल्यावर प्रत्येक पीसीवर सीपीयू-झेड (प्रोसेसर, बोर्ड, रॅम ओळखून दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून यादीशी ताडणं, याला पीसीमागे दहा मिनिटं लागतात. बिल अदा करण्याआधी हे सक्तीचं असायला हवं. विद्यार्थी आणि पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत ती यादी मागावी, तो त्यांचा पैसा आहे.

पक्क्या बिलाबद्दल एक हिशेब. साठ हजारांच्या बिलात १८ टक्क्यांनी ९,१५३ रुपये जीएसटी असतो. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणतात ते यातूनच. पण ग्राफिक कार्डाची तीन वर्षं, एसएसडीची तीन ते पाच, एसएमपीएसची पाच ते दहा वर्षं वॉरंटी असते. दुकान उद्या बंद झालं तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात दाखवायला तारीख आणि सिरियल नंबर असलेलं बिलच लागतं. नऊ हजार वाचवून ती सगळी वर्षं सोडून देणं परवडत नाही. सरकारलाही सांगायला हवं की धंदेवाल्याला हा कर परत मिळतो, शिकणाऱ्या मुलाच्या घराला मिळत नाही. रॅम आणि एसएसडीसारख्या, जुनं मशीन जगवणाऱ्या भागांवर तरी तो कमी करण्याचा विचार व्हावा. नवा ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पण कचरा होऊच नये म्हणून केलेल्या खर्चाला अजून कसलीच सवलत नाही.

या सगळ्यात चांगल्या दुकानदाराचं नुकसान होतं, याचं जास्त वाईट वाटतं. तो प्रत्येक भागाचं नाव लिहितो, म्हणून त्याची बेरीज शेजारच्यापेक्षा पाच-सहा हजारांनी जास्त दिसते आणि गिऱ्हाईक उठून जातं. उठण्याआधी शेजारच्याची चिठ्ठीही पूर्ण भरून घ्यावी, मॉडेल क्रमांकासकट. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक ओळ वाचावी. फरक बहुतेक वेळा दोनच ओळींत सापडतो, मदरबोर्ड आणि एसएमपीएस.